पैसा-बिसा : गाडीची फी, टॅक्सची गोची

तुमच्या ग्रुपमधला निदान एक जण तरी अमेरिकेत असणारच. सॅन होजे, डॅलस, नाहीतर न्यू जर्सी. तिकडे पोचल्यावर पहिलं काम घर, दुसरं गाडी. महाराष्ट्रात आपण गाडी घेताना रोड टॅक्स एकदाच भरतो आणि विसरून जातो. तिकडे बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं बिल दरवर्षी दारात हजर! मग एप्रिलमध्ये रिटर्न भरायची वेळ आली की कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘अरे, ही फी टॅक्समधून वजा होते. टाक बिनधास्त!’

थांबा बॉस. टाकण्याआधी हे वाचा.

नावावर जाऊ नका

अमेरिकेचं इन्कम टॅक्स खातं, म्हणजे आयआरएस, बिलावर ‘फी’ लिहिलंय की ‘टॅक्स’ हे बघतच नाही. बघतं ते एवढंच, की रक्कम ठरली कशावरून? ती गाडीच्या किमतीवर ठरत असेल आणि वर्षाच्या हिशेबाने आकारली जात असेल, तर तो झाला पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स. तो वजा होऊ शकतो. वजनावर ठरत असेल किंवा सगळ्यांना सारखीच असेल, तर नाही.

म्हणून राज्य बदललं की उत्तर बदलतं. न्यू यॉर्कमध्ये वजनाचा हिशेब, टेक्सासमध्ये साध्या कारला ठरलेली फी. दोन्हीकडे काही मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र गाडीच्या दर हजार डॉलर किमतीमागे २५ डॉलर एक्साइज लागतो, तो चालतो. व्हर्जिनियातला काउंटीचा कार टॅक्सही चालतो.

कॅलिफोर्नियात गंमत आहे. तिथल्या बिलात अनेक रकमा एकत्र असतात. त्यातली वजा होणारी ओळ म्हणजे किमतीवर ठरणारी ‘व्हेइकल लायसन्स फी’. दर ०.६५ टक्के. म्हणजे ३० हजार डॉलरच्या नव्या गाडीला साधारण १९५ डॉलर, पुढे दरवर्षी कमी. बाकीच्या फिया सोडून द्यायच्या. बिलाचा अख्खा आकडा रिटर्नमध्ये टाकणं चूकच, आणि रिटर्नवर सही तुमची असते, सल्ला देणाऱ्या मित्राची नव्हे!

ही फी साधीसुधी नाही बरं का. २००३ मध्ये ती जवळजवळ तिप्पट झाली आणि लोक भडकले. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांची खुर्ची गेली, त्यामागचं हे एक मोठं कारण. त्यांच्या जागी आलेल्या अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी शपथ घेतली त्याच दिवशी वाढ रद्द केली.

खरी मेख पुढेच

समजा फी बसली नियमात. तरी फायदा होतो तो फक्त एकेक खर्च मोजून दाखवणाऱ्यांना, म्हणजे शेड्युल ए भरणाऱ्यांना. बाकीचे सरसकट स्टँडर्ड डिडक्शन घेतात. २०२५ या वर्षासाठी ते एकट्याला १५,७५० डॉलर आणि जॉइंट रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला ३१,५००. भाड्याने राहणाऱ्या सिंगल इंजिनिअरचे मोजता येणारे खर्च सहसा तिथवर पोचतच नाहीत. त्याच्यासाठी हे १९५ डॉलर म्हणजे शून्य.

ज्यांनी तिकडे घर घेतलं, त्यांचं काय? २०१८ ते २०२४ या काळात राज्याचे आणि स्थानिक टॅक्स मिळून फक्त १०,००० डॉलरच वजा करता येत होते. समजा एका जोडप्याने होम लोनचं व्याज भरलं २४,०००, आणि राज्याचा इन्कम टॅक्स अधिक घराचा प्रॉपर्टी टॅक्स १८,०००. मर्यादा आधीच ओलांडलेली! त्यात गाडीची फी टाका नाहीतर टाकू नका, फरक शून्य.

२०२५ च्या कायद्याने ही मर्यादा ४०,००० डॉलर केली. (उत्पन्न पाच लाख डॉलरच्या वर गेलं की ती कमी होत जाते आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० होणार आहे.) आता याच जोडप्याचा हिशेब होतो ४२,०००, वर दोन गाड्यांची मिळून ३२५ डॉलर फी. ते २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असतील तर सुमारे ७१ डॉलर वाचले. लॉटरी नाही, पण हक्काचे आहेत!

नवीन गेलेल्यांनो, जरा जपून

पहिल्या वर्षी बऱ्याच जणांना नॉन-रेसिडेंट म्हणून १०४०-एनआर फॉर्म भरावा लागतो. त्याच्या शेड्युल ए मध्ये राज्याचा इन्कम टॅक्स दाखवता येतो, गाडीचा टॅक्स नाही. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. ते घेतलं की गाडीच्या बिलाचा विषयच संपला.

थोडक्यात

* बिलात किमतीवर ठरलेली ओळ शोधा. तेवढीच धरा.
* प्रत्यक्ष भरलेले पैसेच धरा, आणि ज्या वर्षी भरले त्याच वर्षी. व्हर्जिनियात टॅक्सचा काही भाग राज्य उचलतं, तो तुमचा नाही.
* आधी एकूण खर्च स्टँडर्ड डिडक्शनच्या वर जातो का ते बघा. जात नसेल तर बिल फाइलला लावा आणि वीकएंडला लाँग ड्राइव्हला निघा.
* २०२४ पर्यंत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून दिलं असेल आणि आता घराचे हप्ते चालू असतील, तर या वेळी पुन्हा हिशेब करा.

तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी कोणी ‘टाक बिनधास्त’ म्हणालं, की एकच प्रश्न विचारा : ‘कुठलं राज्य, आणि बिलातली कुठली ओळ?’