मदत आधी हवी, मागाहून नव्हे



अमरावती-अकोल्यात राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणींचे माहेर नाहीतर सासर खेड्यात असते. वर्षाची तूरडाळ तिकडून येते, भाऊबीजेला भाऊ तिकडून येतो आणि कधी नको ती बातमीही तिकडूनच येते. आपण हळहळतो, "नशीब बाई एकेकाचं!" म्हणतो आणि कामाला लागतो. आज मात्र नशिबाविषयी नाही, पैशाविषयी बोलू या.

कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला, तर कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचा नियम राज्य सरकारने २००५-०६ साली केला. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. जमीन कोणाच्या नावे, कर्ज कुठले, ते थकले होते का, याचे कागद लागतात. जिचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही, तिने ते कुठून आणायचे? आणि मिळाली तरी ही मदत माणूस गेल्यावरची.

१ जुलै २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती आणि अकोला त्यात होते. पाणी, कर्ज, व्याज यांची सोय हवीच होती. पण रात्र रात्र जागणाऱ्या, जेवणावरून उठून जाणाऱ्या माणसाचे मन कोणी जाणायचे?

तेही जाणता येते, हे आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांनी दाखवले. तिथे 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, टाटा ट्रस्टच्या पैशातून. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. त्या घरोघरी जाऊन ऐकून घेत, गरज पडली तर पुढे समुपदेशकाकडे आणि मनाच्या डॉक्टरांकडे नेत. आधी उदासीच्या आजाराच्या शंभर रुग्णांपैकी चारजणच मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे उपाय ठाऊक आहे. आत्महत्या रोखण्याचे कार्यक्रम आखणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारवर बंधनकारक केले आहे. २०३० पर्यंत आत्महत्या दहा टक्क्यांनी कमी करायच्या, असे राष्ट्रीय धोरणही नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. पण घरखर्चाची वही ठेवणाऱ्या आपल्याला ठाऊक असते, की बेत कितीही छान असला तरी डब्यात पैसे किती हे आधी बघावे. दूरध्वनीवरून मनाचा सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला केंद्राच्या २०२३-२४ च्या अंदाजपत्रकात सुमारे १३४ कोटी होते, पुढच्या वर्षी ९० कोटी. काम वाढवायचे आणि पैसा कमी करायचा, असा संसार कुठे चालतो का?

तेव्हा मते मागायला कोणी दारात आले, तर नळाच्या पाण्याबरोबर हेही विचारा: "आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर कोणत्या वारी येतो? आशाताईंना या कामाचं शिक्षण आणि मोबदला मिळतो का? यंदा त्यासाठी किती रुपये ठेवले?" महिला मंडळाच्या सह्यांचे एक निवेदन आमदारांकडे गेले, तर उत्तर द्यावेच लागते.

घरातही तीन गोष्टी करा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून ठेवा आणि गावीही कळवा. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. फवारणीचे औषध घरात मोकळे ठेवू नका, असे भावाला, दिराला सांगा. ते कुलपात हवे आणि किल्ली दुसऱ्याकडे. आणि कोणी फार गप्प झाले, निरवानिरवीचे बोलू लागले, तर आडून नको, सरळ विचारा, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नाही, उपचाराचा हक्कदार आहे.

पुढच्या वेळी गावी फोन कराल, तेव्हा पऱ्हाटी कशी आहे हे विचाराच. पण दादा कसा आहे, हे आधी विचारा.