आजीच्या मताची तारीख

प्रकाशात काही लपून राहत नाही. तापी-गोमाईच्या संगमावरचं गाव, दक्षिण काशी म्हणून मिरवणारं. केदारेश्वराच्या घाटावर अस्थी घेऊन आलेली गाडी कुठल्या गावची, हे माणसं खाली उतरायच्या आत चहाच्या टपरीवर ठरलेलं असतं. त्यामुळे घरून मतदान करणाऱ्यांची यादी राजकीय पक्षांच्या हातात अशी सरसकट देऊ नये असं म्हटलं, की ओट्यावरून पहिलं उत्तर येतं, "अरे, कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे अख्ख्या गावाला माहीत आहे. यादीत नवीन काय?"

नवीन पुष्कळ आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडणूक नियमांत बदल झाला आणि ८० वर्षांवरच्या व अपंग मतदारांना टपाली मताची मुभा मिळाली. मार्च २०२४ पासून वयाची अट ८५ झाली. अपंगत्व किमान ४० टक्के लागतं. गावातला बीएलओ १२-डी नावाचा फॉर्म घरी घेऊन येतो आणि अधिसूचनेपासून पाच दिवसांत तो भरून परत द्यायचा असतो. अर्ज मंजूर झाला की मतदारयादीत नावापुढे टपाली मताची खूण पडते, आणि त्या क्षणापासून केंद्रावर जाऊन मत देण्याचा रस्ता बंद होतो. मग एक दिवस दोन मतदान अधिकारी, एक पोलीस आणि एक व्हिडिओवाला दारात येतात. घरी कुणी नसेल तर आणखी एक फेरी होते. त्यानंतर काही नाही.

या मतदारांची यादी आणि पथकाचं वेळापत्रक उमेदवारांना मिळतं. हेतू असा, की त्यांचा प्रतिनिधी तिथे हजर राहू शकावा.

आजी म्हातारी आहे हे गावाला ठाऊक होतं. अमुक तारखेला तिच्याच खोलीत तिचं मत पडणार, तिला दुसरी संधी जवळपास नाही आणि केंद्राचा दरवाजा तिला बंद आहे, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. ते यादी सांगते. मतदान केंद्राभोवती शंभर मीटरची रेघ असते, तिच्या आत मतदानाच्या दिवशी प्रचार करणं गुन्हा आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास सभा बंद होतात. घरचं मतदान याच्या काही दिवस आधी उरकतं, म्हणजे भोंगे वाजत असताना. तिथे शंभर मीटरची रेघ कुठून आखायची? उंबऱ्यापासून? आदल्या संध्याकाळी ओट्यावर येऊन बसलेला कार्यकर्ता बहुधा भाऊबंदच असतो. तो धमकी देत नाही. नातवाच्या दाखल्याचं काम कसं अडलंय, घरकुलाची यादी कुणाच्या हातात आहे, एवढंच सहज बोलतो आणि चहा पिऊन जातो. ज्याला स्वतः खूण करता येत नाही त्याला मदतनीस घेता येतो. तो मदतनीस कोण असावा, हेही अशाच एका चहावर ठरू शकतं.

पक्षांना यादी देऊच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. कुणाचाच प्रतिनिधी नसताना सरकारी माणसं नव्वदीच्या बाईकडून बंद खोलीत मत घेऊन जातात, हेही मला पटत नाही. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीआधी द्रमुक मद्रास उच्च न्यायालयात गेला होता. ही सोय रद्द करा, आणि करणार नसाल तर यादी तरी आम्हाला द्या, असा एकूण सूर होता. सोय टिकली. पण यादीची मागणी विरोधी पक्षाने करणं रास्तच होतं. टपाली मतं किरकोळ असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी २०२४ चा वायव्य मुंबईचा निकाल आठवावा. मतदान यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत रवींद्र वायकरांना १५५० आणि कीर्तिकरांना १५०१ मतं पडली, आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. त्या टपाली मतांत सैनिकही असतात, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारीही असतात, हे खरं. पण अशा ठिकाणी नजर ठेवायला माणूस हवाच.

माझं भांडण आहे ते एका साध्या गोष्टीशी. नजर ठेवण्यासाठी जेवढं लागतं त्याच्या कितीतरी जास्त आपण देतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात कुणालाही डेटाबेस दाखवायचा तर आधी विचारतात, कशासाठी, कुठला भाग, किती वेळ. आणि कुणी काय उघडलं याची नोंद आपोआप राहते. प्रकाशाच्या पथकाबरोबर फिरणाऱ्या प्रतिनिधीला प्रकाशाची घरं आणि त्या दिवसाच्या वेळा पुरतात. अख्ख्या मतदारसंघाची यादी कशाला? मतदार वयामुळे यादीत आहे की अपंगत्वामुळे, हे त्याला कशाला कळायला हवं? पथक येण्याची वेळ मतदाराला एसएमएसने कळवतात, म्हणजे मोबाइल क्रमांक कार्यालयाकडे असतो. तो यादीबरोबर कधीही बाहेर पडता कामा नये. कागदावर द्या, आदल्या दिवशी द्या, सही घेऊन द्या, काम झालं की परत घ्या. प्रत्येक पक्षाच्या प्रतीत नावांचा क्रम थोडा वेगळा ठेवला, तरी उद्या ती व्हॉट्सअॅपवर फिरली तर कुठून फुटली ते पाच मिनिटांत कळेल. याला कुठलं मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

"गोपनीयता वगैरे शहरी चोचले" असं ज्यांना वाटतं, त्यांनी आयोग स्वतः हा शब्द कुठे वापरतो ते पाहावं. मतदारयादी संगणकावर शोधता येईल अशा रूपात द्या, ही कमलनाथ यांची मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. तेव्हा आयोगाच्या बाजूचं एक कारण मतदारांची गोपनीयता हेच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रांवरचं चित्रीकरण लोकांना पाहायला मिळण्याची वाट बंद झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी पत्रकारांनाच विचारलं, की मतदारांच्या आया, सुना, मुली यांचं सीसीटीव्ही चित्रण आयोगाने वाटावं का. त्याच महिन्यात बिहारमध्ये वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह आणि शोधता येईल अशी जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या बाईची अब्रू आयोगाला आठवते. खाटेवर पडलेल्या बाईचं नाव, पत्ता आणि वेळ उमेदवारांच्या कार्यालयात पोचते, तेव्हा आठवत नाही. जिथे नागरिकांनी सरकारी यंत्रणेवर नजर ठेवायची तिथे पडदा आहे. जिथे पक्षांच्या नजरेपासून माणसाला आडोसा हवा तिथे दार सताड उघडं.

ब्रिटनमध्ये टपाली मतदारांची यादी पक्षांना मिळते आणि मतपत्रिका घरी पोचायच्या सुमारास पत्रकंही पोचतात. २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन प्रभागांत टपाली मतांचा असा बाजार झाला, की पुढच्या वर्षी निवडणूक न्यायालयाने ते निकाल रद्द केले. पुढे २०२२ च्या कायद्याने प्रचारकांनी दुसऱ्यांच्या टपाली मतांना हात लावणं गुन्हा ठरवलं. आपल्याकडे मतपत्रिका अधिकारीच आणतो आणि नेतो, हे त्यांच्यापेक्षा बरं आहे. पण यादी बंद नाही आणि तिच्यावर नोंदही नाही, हे तिथल्याइतकंच वाईट.

या जिल्ह्यात आणखी एक यादी असते, ती कुठल्या आयोगाची नसते. सातपुड्यातून ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांची नावं मुकादमाच्या वहीत असतात, उचलीच्या आकड्यासकट. २०२४ चं विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे ऐन तोडीच्या दिवसांत. या माणसांना १२-डी लागू नाही. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने दूरच्या मतदारांसाठी यंत्र दाखवायला पक्षांना बोलावलं, तर बहुतेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले. परगावी आमचे प्रतिनिधी कुठून आणायचे, हा त्यातला एक. आक्षेप खोटा नव्हता. पण ज्यांना माणसं परत आणायची असतात ते मुकादमाला फोन करतात, गाडी ठरवतात, आणि गाडीत कोण बसणार हे त्या वहीवरून ठरतं. उद्या या लोकांना टपाली मत मिळालं, आणि मिळायलाच हवं, तर त्यांचीही यादी बनेल. ती आजच्यासारखीच वाटली, तर मुकादमाला वहीसुद्धा ठेवावी लागणार नाही.

तोवर एक करता येईल. पुढच्या वेळी बीएलओ १२-डी घेऊन दारात आला, की सही करण्याआधी त्याला विचारा, हे नाव कुणाकुणाकडे जाणार, कधी जाणार आणि परत कधी येणार. त्याला उत्तर माहीत नसेल. बिचारा बहुधा शाळेतला गुरुजी असतो. त्याला म्हणावं, तहसीलदारांना विचारून या, फॉर्म भरायला अजून चार दिवस आहेत.