युद्ध संपलं, धावपट्टी राहिली! सांबऱ्याकडं बघून करवीरच्या शेतकऱ्यांनी काय ओळखावं?

शाहूपुरी (कोल्हापूर) : उजळाईवाडी विमानतळाच्या विस्ताराचा विषय निघाला की तामगाव, मुडशिंगी, नेर्लीच्या पारावर एकच प्रश्न असतो, 'अजून किती जमीन जाणार?' उत्तर हवं असेल तर जरा बेळगावकडं बघा.

बेळगावजवळचं सांबरा गाव. १९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि इंग्रज सरकारनं देशभर धावपट्ट्या बांधायचा सपाटा लावला. त्याच वर्षी रॉयल एअर फोर्सनं सांबऱ्याला प्रशिक्षणाचा तळ उभा केला. त्या काळात भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ नियमानं सरकार कुणाचीही जागा ताब्यात घेऊ शकत होतं. हरकत, सुनावणी वगैरे भानगडच नाही.

आपली उजळाईवाडीची धावपट्टी त्याआधीची, १९३९ची. राजाराम महाराजांच्या काळातली, संस्थानी.

१९४५ला युद्ध संपलं. सांबऱ्याचा तळ मात्र उठला नाही. १८ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्तीच्या वेळी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमानं इथूनच उडाली. पुढं प्रवासी विमानं आली. मग विस्तारासाठी सुमारे ३७० एकर जमीन लागली, आणि २०१७ मध्ये १८३० मीटरची धावपट्टी २३०० मीटर झाली. हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आजही तिथंच आहे.

म्हणजे कारणं बदलत गेली, जागा तीच. धावपट्टी काही उचलून दुसऱ्या गावात नेता येत नाही, वाढते ती शेजारच्याच रानात. उजळाईवाडीला मार्च २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं, म्हणून विस्तार संपला असं कुणी धरून चालू नये.

विमानतळाला विरोध करा, असं आमचं म्हणणं नाही. विमान कोल्हापूरला हवंच. पण १९४२च्या शेतकऱ्याकडं नव्हता तो कायदा आज तुमच्याकडं आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यात सुनावणी आहे, ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आहे. मेख आहे ती वाटाघाटीनं होणाऱ्या थेट खरेदीत. पैसा लवकर मिळतो खरा, पण एकदा सही केली की वाढीव भावासाठी कोर्टात जायची वाट जवळपास बंद होते. तेव्हा दोन्हीकडचा हिशेब आधी कागदावर मांडा, मग सही.

आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंदीसाठी आत्ताच तलाठ्याकडं अर्ज करा. नोटीस आल्यावर भाऊबंदकी निघाली की मोबदल्याची रक्कम कोर्टात जमा होते आणि वर्षानुवर्षं तिथंच पडून राहते.