दारू सीमा ओलांडते, ताजी बिअर जागेवरच राहते

जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकने बिअरवरचं अतिरिक्त अबकारी शुल्क १८५ वरून १९५ टक्क्यांवर नेलं. जुलै २०२३ मध्ये ते १७५ चं १८५ झालं होतं, म्हणजे दीड वर्षात २० टक्के गुणांची वाढ. त्याच जानेवारीत तेलंगणात किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजने दर परवडत नाही म्हणून सरकारी महामंडळाचा पुरवठा थांबवला. दोन आठवड्यांच्या आत तो सुरू झाला आणि फेब्रुवारीत तिथली बिअर १५ टक्क्यांनी महागली. जूनमध्ये महाराष्ट्राने विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, पण बिअर आणि वाइनला हात लावला नाही.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदकडच्या माणसाला असे हिशेब कुणी शिकवावे लागत नाहीत. उदगीर, देगलूर, उमरगा, अक्कलकोट एका बाजूला, जहिराबाद दुसऱ्या बाजूला. एका राज्यात दर वाढला की दुसऱ्या राज्यातल्या सीमेवरच्या दुकानाची गर्दी वाढते. आपल्याकडं दारूची बातमी म्हणजे एक तर दरवाढ, नाही तर पकडलेली गाडी.

म्हणून पुण्याहून, बेंगळुरूहून, हैदराबादहून सणाला घरी आलेली पोरं 'क्राफ्ट बिअर'बद्दल बोलतात तेव्हा पंचाईत होते. ही बिअर बाटलीत भरून गाडीत टाकून आणण्याची नव्हेच. ती जिथं बनते तिथंच, त्याच छपराखाली विकली जाते. मागे मोठ्या स्टीलच्या टाक्या, पुढे टेबलं. अशा छोट्या कारखान्याला मायक्रोब्रुअरी म्हणतात. देशात याच्या सुरुवातीत एका मराठी शहराचा वाटा होता, हे फार जणांना ठाऊक नसतं. २००९ मध्ये पुण्यात 'डूलॅली' सुरू झाली. हे नाव म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रज सोजिरांनी केलेला अपभ्रंश. बेंगळुरूत २०१० मध्ये 'टॉइट' उघडलं, आणि आज हे शहर या धंद्यात पुढे आहे.

बनते कशी? बार्ली भिजवून मोड आणायचे, वाळवायची, भरडायची, कोमट-गरम पाण्यात ठेवायची. पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं. हॉप्स ही एका वेलाची फुलं, कडूपणा त्यांचा. आपल्या देशात ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडीफार पिकतात, बाकी आयात. ज्या घरात ज्वारीचं पीठ आंबवून आंबील होते, त्या घरातल्या माणसाला यातलं निम्मं न सांगता कळतं.

मोठ्या कंपनीची बाटली गाळून, तापवून जंतुमुक्त केलेली असते, म्हणून महिनोन् महिने टिकते. ताज्या बिअरमध्ये यीस्ट बहुधा जिवंत असतं. ती थंड ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. सीमा ओलांडून विकण्याचा धंदा तिच्यावर चालणार नाही तो यामुळे.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने फळ्यावरच्या नावांना घाबरू नये. गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर, हेफेवायझन, सुरुवातीला बरी. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळंही नसतं, लवंगही नसते. ते यीस्टचं काम. बेल्जियन पद्धतीच्या 'विट'मध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. स्टाउट काळी, भाजलेल्या धान्याची, कॉफीसारखी. आयपीए कडू, ती पहिल्या दिवशी बहुतेकांना आवडत नाही. बऱ्याच ठिकाणी मागितलं तर छोट्या ग्लासात चव बघायला देतात, संकोच करू नये. फळ्यावर लिहिलेला मद्यार्काचा टक्का आधी वाचावा. आपल्याकडचा ग्राहक 'स्ट्राँग'चा, म्हणजे ५ ते ८ टक्क्यांचा. किती चढली यावर पैसे वसूल मोजण्याची सवय इथं उपयोगाची नाही. आणि हैदराबादला पिऊन रात्री गाडी चालवत बिदर गाठण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

आता धंद्याचं गणित. मी कॉमर्सवाला, त्यामुळे माझं लक्ष तिकडंच जातं. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. माल्ट, टाक्या, शीतकरण, दुरुस्ती यांवर जीएसटी भरायचा, पण विकताना त्याची वजावट मिळत नाही. वर राज्याचं शुल्क आणि परवाना फी. राज्य बदललं की नियम बदलले. 'बिरा ९१' बनवणाऱ्या कंपनीच्या नावातून 'प्रायव्हेट' हा एक शब्द गेला, तर राज्याराज्यांत लेबलांची नोंदणी नव्याने करावी लागली आणि विक्री काही महिने अडली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर कलबुर्गीत दोन टाक्या लावू पाहणाऱ्याने काय करावं? कर्नाटकने २०२५-२६ साठी अबकारीचं उद्दिष्ट ४०,००० कोटी रुपये ठेवलं. असा आकडा समोर असलेल्या सरकारला मोठ्या खपाची स्वस्त दारू महत्त्वाची वाटते, छोट्या टाकीतली चव नाही.

माझ्या मते आपल्या जिल्ह्यांचा प्रश्न पबचा नाहीच, धान्याचा आहे. आपल्याकडं ज्वारी पिकते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या कंपन्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं, आणि बिअर बनली. सोपं नव्हतं. ज्वारीचं पिष्ट जास्त तापमानाला शिजतं, साखर करणारी विकरं तिच्यात कमी, आणि गाळायला मदत करणारं बार्लीसारखं फोलपट नाही. पण जमलं. आपल्याकडच्या परवान्यात स्थानिक धान्याचा काही हिस्सा वापरणाऱ्या छोट्या कारखान्याला शुल्कात सूट असती, तर ज्वारीवाल्याला एक जादा गिऱ्हाईक मिळालं असतं.

इथं एक धोक्याचा दगड आहे. महाराष्ट्राने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदानाची योजना आणली. तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढे होतं. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला, परवाने राजकारण्यांच्या गोतावळ्यात गेल्याचे आरोप झाले. सूट द्यायचीच तर ती टाकीच्या आकाराला बांधलेली हवी. नाही तर ज्वारीच्या नावाखाली पुन्हा डिस्टिलरीच उभी राहील.

आणि अबकारी खात्याच्या दारात आधीपासून दुसरी एक रांग उभी आहे. जानेवारी २०१९ मध्ये दारूबंदी मागत हजारो बायका चित्रदुर्गहून बेंगळुरूपर्यंत चालत गेल्या. त्यात आपल्या कल्याण कर्नाटकातल्या, रायचूरकडच्या पुष्कळ होत्या. या राज्यात अरक २००७ मध्ये बंद झाली, पण घरातला पगार संपायचा थांबला नाही, फक्त पाकीट बदललं. त्यांची तक्रार चपटीबद्दल होती, बिअरबद्दल नव्हती. पण चपटीच्या दुकानाला आणि बिअरच्या टाकीला परवाना देणारं खातं एकच आहे.