शाळेची अब्रू आणि मुलांची सुरक्षितता

हिंजवडीच्या शिवारात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ गृहसंकुले व शाळाही उभ्या राहिल्या. या परिसरात नोकरीवर जाणाऱ्या आईवडिलांना शाळेतील कॅमेरे आणि फाटकावरील पहारेकरी यांचा दिलासा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु गेल्या काही वर्षांतील घटना पाहता, मुलांना धोका केवळ फाटकाबाहेरच्या अनोळखी माणसापासून नसतो. शाळेनेच कामावर ठेवलेल्या माणसापासूनही तो संभवतो आणि संचालकांच्या मौनामुळे तो बळावतो, असे दिसून येते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे प्रकरण उघडकीस आले. फिर्याद नोंदविण्यासाठी पालकांना तासन्‌तास तिष्ठावे लागले आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखून धरली. घटना पोलिसांना न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात निगडीतील एका शाळेचा क्रीडाशिक्षक विद्यार्थिनीच्या विनयभंगाच्या आरोपावरून पकडला गेला. त्याच्यावर पूर्वीही अशाच स्वरूपाचा गुन्हा नोंदलेला असताना त्याला पुन्हा कामावर घेतले गेले होते. दोन्ही ठिकाणी कायदा अपुरा पडला, असे म्हणता येणार नाही. अपुरी पडली ती कर्तव्यबुद्धी.

बालकांवरील लैंगिक अपराधांविषयीच्या २०१२ च्या कायद्याने अशा अपराधाची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आरोप खोटा ठरला तर शिक्षकाचे आयुष्य नासेल, अशी शंका मुख्याध्यापक बोलून दाखवितात. ती अगदीच निराधार नाही. परंतु खरेखोटे ठरविण्याचे काम कायद्याने मुख्याध्यापकांवर सोपविलेलेच नाही. त्यांनी कळवावे आणि तपास पोलिसांनी करावा. शाळेची अब्रू वाचविण्यासाठी प्रकरण आपसांत मिटविणारे, पुढच्या मुलाला त्याच संकटाच्या स्वाधीन करीत असतात.

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य सरकारने कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी इत्यादींसंबंधी आदेश काढला. तो योग्यच होता. मात्र ज्या मुलाला अजून धड लिहिता येत नाही, त्याला तक्रारपेटीचा काय उपयोग? जिच्याजवळ ते निःसंकोचपणे बोलू शकेल अशी बाई प्रत्येक वर्गाला हवी, आणि 'हे घरी सांगू नकोस' असे कोणी म्हटले तर ते अवश्य सांगावे, ही शिकवण पाढ्यांइतकीच नित्याची हवी.

हिंजवडीसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण आहे. जुन्या गावात शाळेच्या शिपायाचे घरदार सर्वांना ठाऊक असे. आता सफाई कामगार, बसमधील मदतनीस, चालक हे ठेकेदारामार्फत येतात आणि ठेका बदलला की माणसेही बदलतात. ओळखीची जागा पडताळणीनेच भरून काढली पाहिजे, आणि तीही दर नव्या माणसागणिक. 'तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस' हे उत्तर ग्राह्य धरता कामा नये. शाळा-बसबाबत २०११ च्या नियमांनी मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमण्यास सांगितले आहे. तिच्या बैठका होतात काय, हे पालकांनी विचारले पाहिजे.

भरमसाट शुल्क देणारा पालक निदान विचारू तरी शकतो. त्याच संकुलांच्या बांधकामावर राबणाऱ्या परप्रांतीय मजुराचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. त्याचा बाप रोजंदारी बुडवून चौकशीला येणार नाही आणि आला तरी त्याची भाषा कोणी समजून घेईलच असे नाही. म्हणून ही तपासणी पालकांच्या जागरूकतेवर सोडून भागणार नाही. शिक्षण विभागाने दरवर्षी शाळाशाळांत जाऊन पडताळणीचे दाखले स्वतः पाहावेत आणि कोणत्या शाळेने ते दाखविले नाहीत, हे जाहीर करावे. अब्रूची चाड असलेल्या शाळांना एवढा धाक पुरेसा ठरेल.