पोळे सोसायटीचे, मग शिडीवर वॉचमन का?

"डॉक्टर, आमच्या वॉचमनला माशी चावलीय. ॲलर्जीचं एक इंजेक्शन देऊन टाका, पाठवतोय त्याला."

एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा हा फोन. पंधरा मिनिटांनी वॉचमन आला तो स्कूटरवर, चालवणारा आणि मागे बसलेला यांच्या मध्ये कोंबून. वय २४. डावा डोळा सुजून बंद झालेला. "एकच चावली हो," असे सोबतचे सांगत होते. मी त्याला उभे राहायला सांगितले तर तो कण्हला आणि खालीच बसला. तेव्हा कुठे हळूहळू बाहेर आले की तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमबाहेर, डक्टमधल्या छज्जाखाली, गांधीलमाश्यांचे पोळे होते. ते जाळायला त्याला दोनशे रुपये देऊन शिडीवर चढवले होते. तोंडावर डंख बसला, हात सुटला आणि तो एक मजला खाली दुसऱ्या छज्जावर टाचांवर आदळला. दोन्ही टाचांची हाडे मोडली होती आणि कमरेच्या पहिल्या मणक्याला फ्रॅक्चर होते. अशा माणसाला यांनी स्कूटरवर बसवून खड्ड्यांतून आणले होते. पाय लुळे पडले नाहीत, ते केवळ नशीब.

सेक्रेटरींच्या दृष्टीने मात्र ही माशी चावल्याची केस होती.

वाचकहो, आज मला जे म्हणायचे आहे ते थोडे तिखट वाटेल, पण म्हणतोच. घराच्या अडचणीच्या जागेतले पोळे काढताना माणसाला होणारी इजा हा मला अपघात वाटत नाही. ज्याला "नाही" म्हणता येत नाही अशा माणसाला आपण वर पाठवतो. वॉचमन, रंगारी, केबलवाला, गावाकडून आलेला भाचा. तुम्ही स्वतः त्या शिडीवर चढला असता का? मग तोही चढणार नाही. एवढा सोपा नियम आपल्याला का पाळता येत नाही?

दुसऱ्याला बोलण्याआधी स्वतःचे सांगतो. नवीन घराला रंग देताना गॅलरीच्या वरच्या कोपऱ्यातले पोळे मी रंगाऱ्याच्या पोराकडून काठीने पाडून घेतले होते. मी खाली उभा राहून सूचना देत होतो, आणि तेव्हा मी एमडी झालेला होतो. त्याला दोन-तीन डंख बसले, मी बर्फ लावला, अवीलची गोळी दिली आणि वर चहा पाजला. काही झाले नाही म्हणून मी ते विसरलो. "आम्ही कितीदा काढलंय, काही होत नाही" असे म्हणणाऱ्यांमध्ये बरीच वर्षे मीही होतो.

आता नेमके काय होते ते समजून घ्या. शिडीवरच्या माणसाचा एक हात शिडीला असतो आणि दुसऱ्या हातात बांबू किंवा स्प्रे असतो. माशी तोंडावर आली की हात आपोआप तोंडाकडे जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, धीट माणसालाही ती थांबवता येत नाही. म्हणजे शिडी सुटणारच. स्प्रे वरच्या दिशेने मारला तर औषधाचे थेंब स्वतःच्याच डोळ्यांत उतरतात. बांबूला बांधलेला रॉकेलचा बोळा पेटवला तर जळते थेंब हातावर पडतात, आणि त्या डक्टमध्ये प्लॅस्टिकचे पाइप आणि विजेच्या वायरी असतात. पोळे कागदासारखे असते, चटकन जळते, हे खरे. पण बाहेर गेलेल्या माश्या परततात आणि त्या जागी कितीतरी वेळ घिरट्या घालतात. शिवाय पोळे डिवचले गेले की माश्या गंधाने एकमेकींना धोक्याची खबर देतात, त्यामुळे एक आली की मागून झुंड येते. मधमाशीची नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते, गांधीलमाशीची तुटत नाही. ती पुन्हापुन्हा डंख मारू शकते.

आणि त्या "एका ॲलर्जीच्या इंजेक्शन"बद्दल. डंखाच्या जागी सूज, लाली, आग एवढेच असेल तर साबण-पाण्याने धुवा, बर्फ लावा, हाताला डंख असेल तर अंगठी लगेच काढा. चुना, तंबाखू, घासलेले लोखंड यांपैकी कशाचाही उपयोग नाही, पण त्यात वेळ जातो. अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, दम लागला, उलट्या होऊ लागल्या, घेरी आली, तर ती ॲनाफिलॅक्सिस आहे आणि दहा-पंधरा मिनिटांतही माणूस जाऊ शकतो. तिथे जीव वाचवते ते ॲड्रेनलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अवील आणि डेक्सा यांनी खाज कमी होईल, बंद होणारी श्वासनलिका उघडणार नाही. माझे काही व्यवसायबंधू अजूनही ॲड्रेनलिनला घाबरतात आणि आधी अवील-डेक्सा टोचून वाट पाहतात. त्यांना राग येईल, येऊ दे. ॲड्रेनलिनचा अँप्युल स्वस्त आहे. तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे तो असतो का, हे आजच विचारून ठेवा. अशा पेशंटला आडवे झोपवून पाय उंच करायचे, फार दम लागत असेल तर टेकून बसवायचे. पण "चल, गाडीपर्यंत चालत ये" म्हणून उभे करायचे नाही. उभे केल्याक्षणी रक्तदाब कोसळून हृदय थांबू शकते. पूर्वी डंख बसून काही झाले नव्हते, म्हणून पुढेही होणार नाही असे समजू नका.

ॲलर्जी नसली तरी एकाच वेळी पुष्कळ डंख बसले असतील तर विषाचाच भार मोठा होतो. त्याने स्नायू आणि रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. एक-दोन दिवसांनी लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणून असा पेशंट "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवून रक्त-लघवी तपासायलाच हवी.

"मग काय पोळे तसेच ठेवायचे? घरात लहान मुले आहेत!" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो. आधी पोळे कोणाचे ते पाहा. भिंतीवर मातीचा छोटा बुधला असेल तर तो कुंभारीण माशीचा. ती एकटी राहते, सहसा कोणाच्या वाटेला जात नाही, तिच्यासाठी शिडी लावणे म्हणजे वेडेपणा. पाण्याच्या टाकीमागे, जिथे कोणी फिरकत नाही अशा जागी गांधीलमाश्या असतील तर त्यांनाही राहू द्या. बागेतल्या अळ्या त्या खातात. खिडकी, गॅलरी, एसीचे बाहेरचे युनिट, जिन्याची वाट अशा जागी पोळे असेल तर ते काढलेच पाहिजे, पण अंधार पडल्यावर, जाळीचा मुखवटा आणि पूर्ण पोशाख घातलेल्या, कमरेला सेफ्टी बेल्ट असलेल्या सरावाच्या माणसाकडून. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनवरच विचारा: पोशाख आहे का, बेल्ट आहे का, वर चढणाऱ्याचा विमा आहे का? तो गडबडला तर दुसरा शोधा. या कामाला पैसे लागतात. लॉबीची फरशी बदलायला वर्गणी निघते, तशी यालाही निघेल.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे लवकर पाहणे. पोळे रुपयाच्या नाण्याएवढे असते तेव्हा त्यावर एखाद-दुसरीच माशी असते. खिडकीच्या आतून हात पोचत असेल तर लांब झाडूने तेव्हाच काढता येते. डक्टच्या तोंडाला आणि एक्झॉस्टच्या भोकाला बारीक जाळी लावली तर तिथे पुन्हा पोळे होत नाही.

त्या वॉचमनला तीन महिने उभे राहता आले नाही. तो एजन्सीचा माणूस, त्यामुळे सोसायटीची जबाबदारी नाही असे ठरले. माणुसकी म्हणून पाच हजार रुपये दिले, तेही बैठकीत मतदान घेऊन. त्याच्या जागी दुसरा मुलगा आला.

गेल्या महिन्यात सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला. त्याच छज्जाखाली पोळे परत झाले आहे. मी विचारले, जाळी बसवली होती का? म्हणाले, विषय अजेंड्यावर होता, पण वेळ संपला. मी त्यांना दोन पेस्ट कंट्रोलवाल्यांचे नंबर दिले आणि सांगितले की नवीन मुलाला शिडीवर पाहिले तर मी स्वतः येऊन शिडी काढून नेईन. फोनवर ते हसले. मी चेष्टा करत नव्हतो.