घशातले खडे
नाथषष्ठीला दिंडीबरोबर फाल्गुनाच्या उन्हात पैठण गाठायचं, पाणी प्यायचं विसरायचं आणि रात्री कीर्तनात चहावर चहा घ्यायचा. मग सकाळी खाकरताना ज्वारीच्या कणीएवढा पिवळट खडा हातावर येतो; चिमटीत दाबला की असा कुजकट वास सुटतो की माणूस हबकतोच. घाबरायचं कारण नाही. टॉन्सिलच्या खाचांत अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि जंतू अडकतात, त्यात कॅल्शियम साचून खडा बनतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण तोंडाच्या वासाबद्दल तोंडावर कोण बोलणार? जेवल्यावर खळखळून चूळ, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोपण्याआधी ब्रश, जिभेची सफाई आणि भरपूर पाणी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. काडी, पिन घशात घालू नका; टॉन्सिलला इजा होऊन रक्त येतं. वास झाकायला तंबाखू चघळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मात्र एकाच बाजूचा टॉन्सिल सुजला, गिळताना सतत दुखलं किंवा रक्त आलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवाच. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय पैठणहून साधारण ५० किलोमीटरवर आहे. तिथे गेलं म्हणजे लगेच टॉन्सिल काढतात असं नाही. ती पाळी क्वचितच येते.